जॅमरूमचा रिव्ह्यू: मोठी खोली घ्या, बेस असेल तर लहान खोलीत शिरू नका

जॅमरूम चालवणाऱ्या भाऊंच्या वहीत आमच्या बँडचं नाव 'सांबळवाले' असं आहे. आम्ही ठेवलेलं नाही. पहिल्यांदा पाच जण मिळून गेलो तेव्हा भाऊंनी वही उघडून विचारलं, "बँडचं नाव?" आम्ही एकमेकांची तोंडं बघत बसलो. तासाचं मीटर कधीपासून पडतं या काळजीने ड्रमवाला सारखा घड्याळाकडे बघत होता. शेवटी भाऊंनी आमच्या सांबळ वाजवणाऱ्या मामांच्या खांद्यावरचं सांबळाचं गाठोडं बघितलं आणि लिहून टाकलं. त्याला आठ महिने झाले. नावावरून तीन भांडणं झाली, गिटारवाला एकदा ग्रुप सोडून गेला, दोन दिवसांनी परत आला, पण नाव काही सापडलं नाही. तेच चाललंय.

तर हा रिव्ह्यू भाऊंच्या जॅमरूमचा. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: जॅमरूम म्हणजे तालमीची भाड्याची खोली. ड्रम, अँप्लिफायर, माइक, मिक्सर तिथे असतात. आपण आपापली वाद्यं घेऊन जायचं आणि तासाचे पैसे द्यायचे. दर मंगळवारी आम्ही तिथे असतो, पैसे दर वेळी रोख मोजलेत, एक रुपया सवलत नाही. म्हणजे लिहायला मोकळा आहे. फक्त नाव-पत्ता टाकत नाही. भाऊंनीच सांगितलं, "चांगलं-वाईट काय लिहायचं ते लिहा, पण पाटीवरचं नाव टाकू नका. वरच्या मजल्यावरच्यांना अजून वाटतंय, खाली ट्यूशन चालते." एवढंच सांगतो की नाशिकच्या कॉलेज रोडच्या मागच्या अंगाला आहे, तळमजल्यावर. शहरातल्या कुठल्याही गिटार क्लासवाल्याला विचारा, रस्ता सांगेल.

मी अंबडला एका कारखान्यात क्वालिटीला आहे. चोवीस वर्षं हातात व्हर्नियर नाहीतर मायक्रोमीटर. कॉलेजात असताना ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवायचो. मग लग्न, शिफ्ट, घराचे हप्ते. गिटार माळ्यावर गेली ती एकोणीस वर्षं तिथेच. मागच्या दिवाळीच्या साफसफाईत बायकोने खाली काढली आणि म्हणाली, "एक तर विका, नाहीतर वाजवा. पुढच्या वर्षी मी ही पुसणार नाही." वायर लावली तर नुसती खरखर. कुणीतरी भाऊंचं नाव सांगितलं.

तिथे दारातून आत गेलं की आधी खोल्या दिसत नाहीत, एक टेबल दिसतं. सोल्डरिंग आयर्न, भिंग, फ्लक्सची डबी, आणि निदान पंधरा वायरी गुंडाळून खिळ्यांना लटकवलेल्या. भाऊ पूर्वी ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवायचे. गणपती, नवरात्र, हळदी, सगळं केलेलं. त्यामुळे ऐन कार्यक्रमात बिघडलेली वस्तू दोन गाण्यांच्या मध्ये दुरुस्त करायची सवय. माझ्या गिटारचा जॅक त्यांनी दहा मिनिटांत बदलला, पन्नास रुपये घेतले, स्वतः दोन सूर वाजवून बघितले आणि विचारलं, "कामावरून किती वाजता सुटता?"

मला वाटलं सहज विचारतायत. ती स्थळाची चौकशी होती.

कारण हा माणूस खोली भाड्याने देतो हे खरं, पण त्याचा मूळ धंदा वाजवणाऱ्यांचं वधू-वर सूचक मंडळ हाच आहे, आणि त्याची फी तो घेत नाही. त्यांच्या त्याच वहीच्या मागच्या पानांवर नावं आहेत: कोण काय वाजवतो, कुठे राहतो, कधी मोकळा असतो. शिवाय अपेक्षा. हौशी का पैसे घेणारा, वेळ पाळतो का, दुसऱ्याचं ऐकून घेतो का. हा शेवटचा रकाना म्हणे सगळ्यात रिकामा आहे.

आमचं जमलं ते ताईमुळे. ताई कळवणकडची, इथे शाळेत गणित शिकवते. घरात भजन, आजीच्या तोंडी अहिराणी गाणी, आणि हॉस्टेलच्या खोलीत मोबाइलवर ऐकलेलं रॉक, असा तिचा कान झालेला. गाणी स्वतः लिहिते, चाली स्वतः लावते. एका रविवारी ती एकटी पेटी घेऊन लहान खोलीत आली. एक गाणं फक्त मोबाइलवर नीट रेकॉर्ड करायचं होतं, घरी कुकरच्या शिट्ट्या येतात म्हणून. भाऊ बाहेर सोल्डरिंग करत होते. गाणं संपल्यावर दार उघडून त्यांनी छान वगैरे काही म्हटलं नाही. म्हणाले, "ताई, हे पेटीत मावत नाहीये."

ताई सांगते की ती आधी रागावली. मग विचारलं, मग कशात मावेल? भाऊंनी वहीची मागची पानं उघडली. दुपारी एकटाच येऊन डबल पेडल (दोन्ही पायांनी मारायचा ड्रम) बडवणारा एकवीस वर्षांचा ड्रमवाला. पुण्यातली नोकरी घरून करणारा गिटारवाला. आणि मी. फक्त मामा तेवढे भाऊंचे नाहीत. ते ताईच्या आईच्या गावचे गोंधळी, तिनेच आणले. भाऊ अजून म्हणतात, सगळ्यात चांगलं स्थळ माझ्या वहीत नव्हतं.

आता खोल्यांबद्दल.

मोठी खोली १४ बाय १८ फूट, तासाला ४०० रुपये. हिच्यावर भाऊंनी खरा पैसा घातलाय. भिंतीच्या आत दुसरी भिंत, मध्ये ग्लासवूल, दोन दारं. पहिलं लावल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही असा नियम. दाराच्या कडांना रबर. आवाज अडवायला वजन लागतं आणि फट चालत नाही, एवढंच त्यातलं शास्त्र, पण ते पाळायला खर्च येतो. आम्ही आत ताईचं कांद्याचं गाणं वाजवत असताना मी एकदा बाहेर जाऊन उभा राहिलो. जिन्यात एक बाई भाजीची पिशवी घेऊन वर चालल्या होत्या, त्यांनी मान वळवली नाही. ट्यूशनच.

लहान खोली १० बाय १०, तासाला २५०. ही जुनी. भिंतींवर अंड्यांचे ट्रे काळा रंग मारून चिकटवलेत. हे फोटोत छान दिसतं. त्याने आवाज बाहेर जायचा थांबत नाही, पुठ्ठाच तो. वरच्या पट्टीतली थोडी चमक तेवढी कमी होते. पण माझी तक्रार वेगळी आहे. पैसे वाचवायला आम्ही पहिले तीन मंगळवार लहान खोली घेतली. ताईचा सा पांढरी सहा. म्हणजे माझ्या गिटारची ए तार, मोकळी. तिचा सा आला की मी ती तार वाजवणार, यात चुकायला काही जागाच नाही. तर ती तार वाजवली की खोली घुमायची. बाकी कुठल्याही सुराला नाही, त्याच सुराला. ड्रमवाल्याचा स्नेअर (खाली तारा ताणलेला लहान ड्रम) आपोआप थरथरायचा. मामांनी वर बघितलं, त्यांना वाटलं विमान.

पुढच्या वेळी टेप घेऊन गेलो. भिंत ते भिंत ३.०५ मीटर, दोन्हीकडून तेवढीच. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर. एका भिंतीवरून दुसरीवर जाऊन परत यायला ६.१ मीटर. भागाकार करा, ५६ येतात. बेसची ए तार ५५ हर्ट्झची. म्हणजे भाऊंनी नकळत माझ्या तारेच्या मापाची खोली बांधली होती, आणि चौरस असल्यामुळे लांबी-रुंदी दोन्हीकडून तोच घुमारा. गंमत म्हणजे बरोबर मधोमध उभं राहिलं तर तोच सूर जवळपास गायब होतो, आणि भिंतीला टेकलं तर छातीत घुसतो. गिटारवाला मध्ये उभा राहायचा, तो सांगायचा बेस वाढव. ड्रमवाला कोपऱ्यात, तो ओरडायचा काका बेस कमी करा. (मला काका म्हणणारा तो एकटाच. ताई दादा म्हणते, तिच्या मनाचा मोठेपणा.) तीन आठवडे आम्ही एकमेकांवर चिडलो आणि दोष खोलीचा होता.

भाऊंना कागदावर आकडेमोड करून दाखवली. त्यांनी ती वाचली, घडी घालून वहीत ठेवली आणि म्हणाले, "एकट्या गाणाऱ्याला चालते ना खोली?" चालते. पेटी, गिटार, तबला घेऊन एक-दोन जण असाल तर जरूर घ्या, २५० ला स्वस्त आहे. बेस किंवा ड्रम असेल तर १५० रुपये जास्त गेले तरी मोठीच घ्या.

मोठ्या खोलीतलं सामान: ड्रमसेट ठीक, एका झांजेला दोन बोटं लांब चीर आहे. भाऊ म्हणतात त्याने आवाज गोड झाला. नाही झाला. गिटारचे दोन अँप चांगले, बेसचा एक आहे तो उत्तम. मिक्सर आठ चॅनेलचा, त्यातले सहा चालतात, पाचवा मूड असेल तर. वायरी मात्र कधीच दगा देत नाहीत, ते टेबल दारात असल्यावर दुसरं काय होणार.

आतला आवाज किती, तर माझ्या मोबाइलच्या अ‍ॅपवर ड्रम सुरू झाले की १०३ ते १०५ डेसिबल दिसतात. मोबाइलचं अ‍ॅप म्हणजे कॅलिब्रेशन न केलेलं व्हर्नियर, दोन-चार इकडे-तिकडे धरा. तरी कारखान्यात ९० डेसिबलला आठ तास आणि १०५ ला एकच तास अशी मर्यादा असते, आणि आम्ही दोन तास वाजवतो. मी प्रेस शॉपमधले फोमचे इअरप्लग घालतो. पोरं आधी हसली. आता ड्रमवाला माझ्याकडून मागून घेतो. भाऊंनी काउंटरवर एक डबा ठेवला तर बरं होईल, दोनदा सांगून झालं.

खरी परीक्षा सांबळाची झाली. ही खोली रॉक वाजवणाऱ्यांसाठी बांधलेली. तिथे चामड्याचं वाद्य कधी गेलंच नसावं. पहिल्याच दिवशी मामा दारात थांबले आणि म्हणाले, "चपला घालून वाद्यापाशी यायचं नाही." सगळ्यांनी काढल्या. ड्रमवाल्यानेही काढल्या, तेव्हापासून तो अनवाणीच डबल पेडल मारतो आणि आता सांगत फिरतो की पकड जास्त चांगली येते. मामांनी सांबळाला हात लावून नमस्कार केला, गळ्यात पट्टा अडकवला, एक काडी सरळ, एक टोकाला वळलेली, आणि सुरुवात केली. माइक लावलेलाच नव्हता. गिटारवाल्याने आपला अँप वाढवला. मग आणखी वाढवला.

दुसरी अडचण एसीची. बाहेर पाऊस, हवा ओली, मामांचं सांबळ घरून निघताना उतरलेलं. ते दोरी ओढून आमच्या सुराला आणायचे. आत दीड टनाचा एसी. हवा कोरडी झाली की कातडं ताणतं, वीस मिनिटांत सांबळ चढायचं. गिटारवाला आपली तार तपासत बसायचा, त्याच्या सूर दाखवणाऱ्या मशीनवर सगळं हिरवं, तरी कानाला खटकायचं. ताईने ओळखलं. मग भाऊंना सांगितलं, मामा येणार असतील त्या दिवशी एसी अर्धा तास आधी लावून ठेवा, सांबळही आधीच आत नेऊन ठेवू. भाऊंनी त्या अर्ध्या तासाचे पैसे लावले नाहीत. मघाशी सवलत नाही म्हणालो, ही एक धरा.

तुणतुण्याची गोष्ट मात्र सावकाश सांगण्यासारखी आहे. ताईच्या एका गाण्यात, रात्री शेतात पाणी भरायला जाण्याचं गाणं आहे ते, तिला तुणतुणं हवं होतं. मामांचा पुतण्या घेऊन आला. एक तार, एक लाकडी पिंप, खाली कातडं. ड्रम आणि गिटारसमोर ते ऐकूच येईना. माइक जवळ नेला की स्पीकर शिट्टी मारायचा. भाऊ बाहेरून काचेतून बघत होते. आत आले, तुणतुणं उलटंपालटं करून बघितलं, आणि टेबलाच्या खणातून पिझोची एक चकती (थरथरीचा विजेचा सिग्नल करणारी) काढली, पितळेची, रुपयाच्या नाण्यापेक्षा थोडी मोठी, वीस रुपयांना मिळते. गाण्याच्या ग्रीटिंग कार्डात असते तीच. दोन वायरी डकवल्या, टोकाला गिटारचा जॅक लावला. चिकटवायची कुठे? कातड्याला डिंक लावू देणार नाही म्हणून मामा आडवे पडले. ते बरोबरच होतं. शेवटी मी दुसऱ्या दिवशी कारखान्यातल्या भंगारातून अ‍ॅल्युमिनियमची पट्टी वाकवून क्लिप केली, आतून रबर लावलं, चकती पिंपाच्या काठाला दाबून बसेल अशी. कुठे छिद्र नाही, कुठे डिंक नाही.

सरळ मिक्सरला लावलं तर आवाज पत्र्यासारखा. भाऊंना ते माहीत होतं. अशा चकतीला मिक्सरचं तोंड मानवत नाही, गिटारच्या अँपचं मानवतं. अँपला लावलं, आवाज भरला. मग गिटारवाल्याला काय सुचलं, त्याने मध्ये आपलं डिस्टॉर्शनचं, म्हणजे आवाज खरखरीत करणारं पेडल टाकलं आणि पायाने दाबलं.

मिक्सरच्या भांड्यात चमचा राहून गेल्यावर होतं तसं काहीतरी झालं, पण सुरात. पुतण्या दचकला, हात थांबला. मामा म्हणाले, "थांबू नको, थांबू नको." ताईने तिथेच गाण्याची सुरुवात बदलली. आता ते गाणं त्या आवाजाने सुरू होतं, चार आवर्तनं नुसतं तेच, मग मामा येतात, मग मी, आणि ड्रम थेट दुसऱ्या कडव्याला. त्या दिवसाचं बिल: दोन तासांचे ८००, चकतीचे २०. मजुरी लावलेली नव्हती, विचारलं तर भाऊ म्हणाले, "क्लिपचे तुम्ही किती घेतले?"

भाऊंना फ्यूजन या शब्दाचं फारसं कौतुक नाही. गिटारवाला एकदा आमचा जॉनर काय यावर बोलत होता, तेव्हा ते जॅक घासता घासता म्हणाले की ते सिन्नरकडचे. लोककवी वामनदादा कर्डक त्याच तालुक्यातले, देशवंडीचे, १९२२ चा जन्म. भीमगीतं गाणाऱ्यांनी शाहिरी घेतली, कव्वाली घेतली, सिनेमाची चाल घेतली. गाणं लोकांपर्यंत जायला जे वाहन मिळालं त्यात बसवलं. "तेव्हा जॉनर कुणी विचारला नाही, तुम्हीच पहिले." गिटारवाल्याने त्यानंतर आठवडाभर तो शब्द काढला नाही.

कांद्याच्या गाण्याने मात्र सगळ्यांचा घाम काढला. ताईच्या ओळी अशा:

चाळीतल्या कांद्याला फुटले कोंब,
बापाच्या वहीत नुसतीच बोंब.

चाल गोंधळाच्या ठेक्यातली, सहाच्या चालीत झुलणारी. आमचा ड्रमवाला चारात वाढलेला. भजनी ठेक्यातल्या गाण्यांना अडचण आली नव्हती, आठ मात्रा, चाराचे दोन गठ्ठे, तो आरामात बसायचा. इथे तिसऱ्या ओळीपर्यंत सगळं विस्कटायचं. तो म्हणायचा, "काका, मामा बीट सोडतायत." मामा म्हणायचे, "पोरगं मोजतंय फार." दोघंही माझ्याकडे बघून बोलायचे, एकमेकांशी नाही. दोन मंगळवार असे गेले, म्हणजे १६०० रुपये.

तिसऱ्या मंगळवारी ताईने दरपत्रकाचा पांढरा बोर्ड भिंतीवरून काढून आणला. 'मोठी खोली तासाला ४००' च्या खाली मार्करने बारा चौकोन काढले. ड्रमवाल्याला विचारलं, तुझा पहिला ठोका कुठे कुठे येतो? एक, पाच, नऊ. तिथे गोल. मामांचा? एक आणि सात. तिथे फुली. "आता पुन्हा एकत्र कधी भेटता?" पोरगं गप्प. "लसावि रे! चार आणि सहाचा लसावि! पाचवीत शिकवते मी." बारा. चाराच्या तीन फेऱ्या, सहाच्या दोन, आणि तेराव्याला दोघंही दारात. तिने 'बोंब' हा शब्द बरोबर त्या भेटीवर येईल अशी ओळ अर्धी मात्रा मागे ओढली.

मामांनी बोर्डकडे एकदा निरखून बघितलं. "हे कुठल्या देवीचं यंत्र?"

पण वाजलं. पहिल्यांदा 'बोंब' वर ड्रमचा किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम), सांबळाचा घुमा (खर्जाची बाजू) आणि माझी तार एकत्र पडली तेव्हा ड्रमवाला वाजवायचं सोडून हसत सुटला. त्यामुळे पुढची ओळ वाया गेली, ते सोडा. भाऊंनी बोर्ड पुसलेला नाही. अजून दरपत्रकाखाली बारा चौकोन आहेत, नवीन गिऱ्हाइकांना वाटतं ही काहीतरी स्कीम आहे, बारा तासांना एक फुकट वगैरे. तशी स्कीम नाही, मी विचारलं.

भाऊ कार्यक्रमाला साउंडही देतात. दोन स्पीकर, मिक्सर, माइक, आणि ते स्वतः, असे ३५०० घेतात. आमचा पहिला कार्यक्रम गंगापूर रोडच्या बाजूला एका कॅफेच्या गच्चीवर झाला. श्रोते चाळीसेक, त्यातले बावीस आमचे नातेवाईक. भाऊ दोन तास आधी आले. ताईने हातात गिटार धरून माइकला ओठ लावला आणि झटकन मागे झाली, ओठाला करंट बसला होता. गिटारच्या अँपमधून घूंऽऽ असा आवाज आधीपासून येतच होता. गिटारवाला म्हणाला, चालतं, गाणं सुरू झालं की कळत नाही. भाऊंनी सगळ्या मशीन बंद करायला लावल्या. टेस्टर घेऊन गच्चीवरचे सगळे सॉकेट तपासले. एका बाजूच्या सॉकेटला अर्थिंगच नव्हतं. मिक्सर एकीकडून घेतलेला, अँप दुसरीकडून, आणि मधला पूल म्हणजे ताई. कॅफेवाला म्हणत होता, आजवर कुणाची तक्रार नाही. भाऊंनी खालून, चांगल्या अर्थिंगच्या एका सॉकेटवरून, जाड एक्स्टेन्शन वर ओढलं आणि सगळं त्या एकाच बोर्डावर आणलं. घूं बंद, करंट बंद. कार्यक्रम पस्तीस मिनिटं उशिरा सुरू झाला. माझ्या मते त्या दिवशीचे ३५०० तिथेच वसूल झाले.

आणि त्याच पस्तीस मिनिटांवरून भांडण झालं. आठ गाणी ठरली होती. सातवं संपलं तेव्हा दहाला सात कमी. भाऊंनी मिक्सरवरून तळहात दाखवला, म्हणजे बास. ताईने मान हलवली, म्हणजे एक अजून. कांद्याचं गाणं शेवटी ठेवलेलं होतं, तेच राहिलं होतं, तिचे वडील कळवणहून त्याच्यासाठी आले होते. भाऊ म्हणाले, सात मिनिटांत ते होत नाही, तुम्ही नऊ मिनिटं घेता, मी मोजलंय. रात्री दहा ते सकाळी सहा लाऊडस्पीकर बंद, हा नियम २००० सालापासून आहे, आणि शेजारी दोन्ही बाजूंना घरं. रहिवासी भागाची मर्यादा तर दिवसाही ५५ डेसिबलची, म्हणजे आधीच आपण कुणाच्या तरी चांगुलपणावर वाजवतोय. त्यांनी मिक्सरवरचे आवाजाचे फेडर खाली घेतले. ताई त्यांच्याशी चार दिवस बोलली नाही. मला विचाराल तर त्यांचं बरोबर होतं, पण करंटमुळे गेलेली पस्तीस मिनिटं कॅफेवाल्याच्या खात्यातली, ती आमच्या गाण्यातून कापली गेली, हेही खरं. पुढच्या वेळी भाऊंना दोन नाही, तीन तास आधी बोलवा.

खाली पार्किंगमध्ये गाड्या काढताना ताईच्या वडिलांनी विचारलं, "कांद्याचं नाही झालं?" मामांनी गाठोडं सोडायला सुरुवात केली होती, पण ताईच म्हणाली, लोकं झोपलीत. तिने ते गाडीला टेकून, हळू, नुसतं म्हणून दाखवलं. 'बोंब' ला वडील म्हणाले, "वही माझीच ना ही?"

बाकी किरकोळ. पार्किंग नाही, दुचाकीने जा. ड्रमवाल्यांचं बरं असतं, त्यांना काड्याच न्यायच्या असतात. संडास स्वच्छ, पण कडी लागत नाही, गुणगुणत बसावं लागतं. आदल्या दिवशी कळवून रद्द केलं तर पैसे घेत नाहीत, त्याच दिवशी केलं तर अर्धे. गोंधळाला अचानक बोलावणं आलं म्हणून मामा नसले, तर त्याला भाऊ रद्द धरत नाहीत, "देवीचं काम" म्हणून वहीत खूण करतात. तुळशीचं लग्न उरकलं की लगीनसराई, तेव्हा मामा आठवड्यातून चार-चार रात्री बाहेर; त्या महिन्यांत आम्ही चौघंच जातो आणि मामांच्या जागी मोबाइलवरचं रेकॉर्डिंग लावतो. ते चढतही नाही, उतरतही नाही. मजा येत नाही.

पाचपैकी चार तारे. एक तारा लहान खोलीचा कापलाय, त्या झांजेचा अर्धा कापणार होतो, पण तुणतुण्याच्या मजुरीत वळता केला. बुकिंग फोनवर होतं, मेसेजला ते उत्तर देत नाहीत कारण हातात सोल्डरिंग असतं. मंगळवार संध्याकाळी सात ते नऊ तेवढं मागू नका. वहीत बघा, तिथे 'सांबळवाले' लिहिलेलं आहे.